न दिसणारा स्क्रू

शास्त्रपाठ : यहोशवा, अध्याय ७; मत्तय ५:२३-२४; लूक १६:१०



आजच्या मननासाठी मी एका हेलिकॉप्टरची गोष्ट घेतली आहे. ती सांगताना मला माझीच एक चूक सांगावी लागणार आहे. दुसऱ्याची चूक सांगून उपदेश करणे सोपे असते. म्हणून या वेळी माझ्यापासूनच सुरुवात करतो.

२०१२ सालची गोष्ट. माझा धाकटा भाऊ बेळगावच्या उद्यमबागेत लेथवर काम करतो. लहानपणापासून त्याला उडणाऱ्या वस्तूंचे वेड. दोन वर्षे ओव्हरटाइमचे पैसे बाजूला टाकून त्याने आमच्या मेहुण्यांकरवी आखातातून रेडिओवर चालणाऱ्या हेलिकॉप्टरचा किट मागविला. जत्रेत मिळते तसले हे खेळणे नव्हते. पंख्याचे एकेक पाते सत्तर सेंटिमीटर लांब. दोन्ही पाती फिरू लागली म्हणजे दीड मीटरहून मोठे वर्तुळ होई. बॅटरीसकट वजन पाच किलोच्या घरात.

खोके उघडले तेव्हा आत हेलिकॉप्टर नव्हतेच! कार्बनच्या पट्ट्या, ॲल्युमिनियमचे सुटे भाग, दांडे, गिअर, बेअरिंगे आणि नंबर घातलेल्या पिशव्यांतून शेकडो बारीक स्क्रू. सोबत एक माहितीपुस्तक. रात्रीची जेवणे झाली की आई टेबलावर जुनी चादर अंथरून देई, म्हणजे स्क्रू घरंगळून जाऊ नयेत. मग आम्ही दोघे भाऊ बसत असू. एकेक ओळ वाचायची, तेवढे काम करायचे आणि त्या ओळीपुढे पेन्सिलीने बरोबरची खूण करायची. असे सहा आठवडे चालले.

त्या पुस्तकात एक सूचना पुन्हा पुन्हा दिली होती. जेथे धातूच्या भागात धातूचा स्क्रू बसतो, तेथे नुसता आवळून भागत नाही. आटे स्पिरिटने पुसून तेलाचा अंश काढायचा आणि थ्रेडलॉक नावाच्या निळ्या औषधाचा लहानसा थेंब लावूनच स्क्रू बसवायचा. कारण हा पंखा मिनिटाला सुमारे दोन हजार फेरे घेतो. त्या वेगात पात्याचे टोक ताशी जवळजवळ सहाशे किलोमीटरने धावत असते. सगळे यंत्र थरथरते आणि त्या थरथरीने उत्तम आवळलेला स्क्रूही हळूहळू सुटत येतो. ते निळे औषधही मोठे नवलाचे. हवा लागते तोवर पातळच राहते. दोन धातूंच्या मध्ये बंद झाले, हवा तुटली, की मग घट्ट होते.

शेपटीची पिशवी माझ्या वाट्याला आली. शनिवारची रात्र होती. दुसऱ्या दिवशी उपदेशाची पाळी माझी होती आणि तयारी अपुरी होती. शेपटीच्या छोट्या पंख्याचा कोन बदलणारी एक दांडी असते. तिचा स्क्रू मी तसाच कोरडा आवळला. थेंब उद्या लावू, असे मनाशी म्हटले आणि पेन्सिलीने खूण मात्र करून टाकली. तो उद्या काही आला नाही.

२०१३ च्या जानेवारीत, भातकापणी झालेल्या एका मोकळ्या शेतात, सांबऱ्याच्या विमानतळापासून दूर खानापूरच्या बाजूला, आम्ही ते उडविले. पहिली चार उड्डाणे नीट झाली. ते यंत्र जमिनीपासून उचलले गेले तेव्हा माझ्या भावाच्या डोळ्यांत पाणी आले होते. पाचव्या वेळी ते माडाच्या उंचीवर असताना एकाएकी गरागरा फिरू लागले. हेलिकॉप्टरचा मोठा पंखा एका बाजूस फिरतो, तसे त्याचे धड उलट बाजूस फिरू पाहते. शेपटीचा छोटा पंखा त्याला आवरून धरतो. तो ताबा सुटला की चालविणाऱ्याच्या हाती फारसे काही उरत नाही. क्षणभरात ते बांधावर आदळले. पाती फुटली, शेपटीची नळी मोडली, सांगाड्याला तडा गेला.

माझा भाऊ कंट्रोलचा डबा गळ्यात घेऊन तसाच उभा होता. म्हणाला, "दादा, माझ्याच हाताने घात झाला. स्टिक चुकीच्या बाजूला गेली असणार."

मी तुकडे गोळा करीत होतो. ती दांडी माझ्या हाती लागली. स्क्रूचे भोक रिकामे. आटे स्वच्छ, चकचकीत. निळ्या रंगाचा मागमूसही नाही. मला सर्व समजले. मी ती दांडी खिशात टाकली आणि भावाला म्हणालो, "जाऊ दे. होते असे."

मोठा बोल्ट आणि लहान स्क्रू

खऱ्या हेलिकॉप्टरात मोठा पंखा ज्या एका मुख्य नटाने दांड्यावर धरलेला असतो, त्याला अमेरिकन सैनिक 'येशूचा नट' म्हणत. तो सुटला तर येशूचा धावा करण्याखेरीज दुसरे काही उरत नाही, असा त्यातला विनोद. नमुन्याची हेलिकॉप्टरे बांधणारेही हेच नाव वापरतात. नाव थट्टेत पडले खरे, पण कलस्सैकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायात पौल प्रेषित तेच गंभीरपणे सांगतो, की सर्व काही ख्रिस्ताच्या ठायी एकत्र धरलेले आहे.

आमच्या हेलिकॉप्टरचा तो मुख्य बोल्ट पडल्यानंतरही जागच्या जागी होता. सुटला तो कोपऱ्यातला लहान स्क्रू. बंधूंनो, आपणांपैकी पुष्कळांची स्थिती अशीच असते. ख्रिस्तावरील विश्वासाचा मोठा बोल्ट आपण आवळलेला असतो. बाप्तिस्मा झाला, दृढीकरण झाले, साक्षही दिली. म्हणून आपण निश्चिंत होतो. परंतु थोडक्यात विश्वासू राहणे ही वेगळी गोष्ट आहे, असे प्रभूने लूकच्या सोळाव्या अध्यायात शिकविले. मुख्य बोल्ट आपल्याला तारण्यासाठी आहे. लहान स्क्रूकडे दुर्लक्ष करण्याची ती मुभा नव्हे. आणि कोरडा स्क्रू टेबलावर कधीच सुटत नाही. तेथे तो इतरांसारखाच दिसतो. भार पडल्यावरच त्याची परीक्षा होते.

लपविलेल्याचा भार दुसरा वाहतो

आखानाने लुटीतील वस्त्र, रुपे आणि सोने आपल्या डेऱ्यातील जमिनीत पुरले. ते कोणाला दिसले नाही. पण आय नगराच्या लढाईत पडली ती दुसरीच छत्तीस माणसे. त्यांना डेऱ्यातल्या खड्ड्याची वार्ताही नव्हती.

माझ्या खिशातल्या दांडीचेही तसेच झाले. भावाने तुटके यंत्र खोक्यात घालून माळ्यावर टाकले. "माझ्या हाताला वळण नाही," असे तो म्हणू लागला. कारखान्यात बारीक कामाची नवी मशीन आली, तेव्हा ती चालवायला त्याने आपण होऊन नकार दिला. पैशाचे नुकसान मला दिसत होते. पण माझ्या मौनाने त्याच्या हातांवरचा विश्वास जात होता, हे मी पाहूनही पाहत नव्हतो. अकरा महिने! त्या अकरा महिन्यांत मी किती उपदेश केले, किती घरी प्रार्थना केल्या. प्रभुभोजनाच्या वेळी पाळकसाहेबांच्या बाजूला ताट धरून उभा राहिलो.

वेदीपासून परत फिरणे

त्याच वर्षी नाताळापूर्वीच्या प्रभुभोजनाची तयारी करताना मत्तयाचा पाचवा अध्याय समोर आला. आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे, असे आठवले तर अर्पण वेदीपुढे ठेवून आधी जाऊन समेट करावा, ही प्रभूची आज्ञा. मी स्वतःला समजावले, "भावाच्या मनात माझ्याविरुद्ध काहीच नाही." आणि मग उमगले, की नाही ते यासाठी, की मी त्याला कळूच दिलेले नाही.

त्या रात्री मी दांडी त्याच्यापुढे ठेवली आणि सर्व सांगितले. त्याने ती दिव्याखाली धरून पुष्कळ वेळ पाहिली. मग एवढेच म्हणाला, "म्हणजे माझा हात चुकला नव्हता."

तो रागावलाही. आठवडाभर माझ्याशी कामापुरतेच बोलला. समेट म्हणजे दोन शब्दांत गळामिठी, असे समजू नये. जक्कयाने चौपट परत केले. मी निदान नवी पाती, नळी आणि सांगाडा यांचे पैसे दिले. पुढे फेब्रुवारीत त्याने आपण होऊन खोके माळ्यावरून काढले. शेपटीची पिशवी माझ्याकडेच सरकविली आणि म्हणाला, "हे तूच कर. पण खूण मी करणार." आजवर आमचा तोच नियम आहे. एकाने आवळायचे, दुसऱ्याने पाहून खूण करायची. याकोबाने एकमेकांजवळ पापे कबूल करण्यास सांगितले, त्यातला अर्थ मला तेथे कळला. आपल्या कामापुढे आपणच खूण करणे धोक्याचे असते.

मोठा पंखा एकच ठेवून शेपटीच्या लहान पंख्याने धड आवरण्याची रचना यशस्वी करून दाखविणारे इगोर सिकोर्स्की हे ख्रिस्ती गृहस्थ होते. त्यांचे व्हीएस-३०० हे हेलिकॉप्टर १४ सप्टेंबर १९३९ रोजी प्रथम जमिनीवरून उठले, तेही दोरांनी बांधलेले. मोकळे सोडण्यापूर्वी त्यांनी ते कित्येक महिने असे पारखून घेतले. याच सिकोर्स्कींनी १९४२ मध्ये प्रभूच्या प्रार्थनेवर एक पुस्तक लिहिले. क्षमेची मागणी करणारी ती प्रार्थना आपण दर रविवारी म्हणतो. ज्याचे आपण ऋणी आहोत, त्याला निदान ऋण कळविले आहे काय?

प्रियजनहो, आपल्या खिशात अशी एखादी दांडी आहे काय? हिशेबाच्या वहीतील एखादा आकडा, वाटणीच्या कागदावरची एखादी ओळ, कमिटीत दुसऱ्याच्या नावावर खपविलेले आपले वाक्य? कदाचित एखादा भाऊ, एखादी सून, एखादा हाताखालचा माणूस आपल्या चुकीचा दोष आज स्वतःकडे घेऊन बसला असेल. त्याच्याकडे आजच जा. ते निळे औषध उघड्यावर धरत नाही, हे लक्षात ठेवा. प्रथम दार लावून पित्यापुढे बसा. आटे पुसले जाऊ द्या. मग उठून भावाकडे जा.

प्रार्थना : हे प्रभो, तू आम्हांला धरून ठेवतोस म्हणून आम्ही उभे आहोत. आमच्या कोपऱ्यातल्या, कोणाला न दिसणाऱ्या गोष्टी तुला दिसतात. त्या उजेडात आणण्याचे धैर्य आम्हांस दे. आमच्या मौनाने ज्यांची मने खचली, त्यांना उभारी दे. येशूच्या नावात मागतो. आमेन.