नागसेनाचा रथ आणि बर्लिंग्टनचे घोडे

अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यात बर्लिंग्टन नावाचं लहानसं गाव आहे. तिथलं लाकडी मेरी-गो-राउंड १९०५ सालचं. फिलाडेल्फिया टोबोगन कंपनीने ते डेन्व्हरच्या एलिच गार्डन्ससाठी घडवलं आणि १९२८ मध्ये बर्लिंग्टनच्या किट कार्सन काउंटीने १,२५० डॉलरना विकत घेतलं. त्यावर घोडे, उंट, जिराफ, हरणं, सिंह, वाघ असे ४६ प्राणी आहेत. महामंदीत, १९३१ साली ते बंद पडलं आणि त्याच्या इमारतीत गुरांचा चारा साठवला जाऊ लागला. उंदरांचं फावलं. १९७०च्या दशकात गावाने दुरुस्ती हाती घेतली, तेव्हा काळवंडलेल्या वार्निशखाली प्राण्यांचा मूळ रंग अजून होता. गावाने नवा रंग चढवला नाही, जुनाच उजळला.

यात जतन झालं ते नेमकं कशाचं? लाकडाचं, रंगाचं, की फिरण्याचं?

आपल्याकडे हा प्रश्न फार जुना आहे. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्खू नागसेन ग्रीक राजा मिलिंदाला विचारतो, चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? जू? राजा दर वेळी नाही म्हणतो. सगळे भाग जुळून येतात तेव्हा ‘रथ’ हे नाव मिळतं. त्याहून वेगळा रथ शोधून सापडत नाही. औरंगाबादच्या आपल्या महाविद्यालयाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नाव दिलं ते याच जिज्ञासू राजाचं.

नागसेनाचं म्हणणं किती खरं, ते अमेरिकेने १९७० आणि ८०च्या दशकांत अनुभवलं. लोककला म्हणून लाकडी घोड्यांना भाव आला आणि अख्खं चक्र विकण्यापेक्षा एकेक घोडा लिलावात काढणं परवडू लागलं. कितीतरी चक्रं अशी फुटली. घोडे शाबूत राहिले, श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत दिमाखात उभे राहिले. मेरी-गो-राउंड तेवढं नाहीसं झालं. हे नुकसान आगीत जळण्यापेक्षा कमी नव्हे.

ओहायोतल्या आयडोरा पार्कच्या १९२२ सालच्या चक्रावरही १९८४ मध्ये लिलावाची पाळी आली. न्यूयॉर्कच्या जेन वॉलेन्टास आणि त्यांच्या पतीने ते अख्खं घेतलं. पुढे जेनबाई वर्षानुवर्षं बारीक सुरीने ४८ घोड्यांवरचे रंगाचे थर खरवडत राहिल्या. तळाशी मूळ छटा लागल्या, त्या त्यांनी टिपून घेतल्या आणि त्याच छटांनी घोडे नव्याने रंगवले. २०११ पासून हे चक्र ब्रुकलिनमध्ये नदीकाठी फिरतं आहे.

म्हणजे एकीकडे रंग जुना, दुसरीकडे रंग नवा. मग खरं जतन कुठलं? पुरीला विचारावं, तर तिथे लाकडाचाही आग्रह नाही. अधिक आषाढाच्या वर्षी नवकलेवर होतं, तेव्हा जगन्नाथाच्या मूर्ती कडुनिंबाच्या नव्या लाकडातून घडवतात आणि जुन्या मातीत पुरतात. १९९६ नंतर हा सोहळा २०१५ मध्ये झाला. देव बदलला, असं कुठल्या भक्ताला वाटत नाही.

पण पुरीत लाकूड जातं, तरी ते घडवणारे हात जात नाहीत. मेरी-गो-राउंडच्या बाबतीत नेमके हातच गेले. महामंदीने अमेरिकेतले कोरीव कामाचे कारखाने बसले आणि बापाकडून मुलाकडे जाणारी विद्या थांबली. आता शिकायचं तर त्या घोड्यांकडूनच. घोड्याचं धड भरीव नसतं. फळ्या सरसाने चिकटवून पोकळ पेटी करतात, त्यामुळे वजन हलकं राहतं. डोकं आणि पाय वेगळे कोरून लाकडी खुंट्यांनी जोडतात. अमेरिकेतली चक्रं घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, म्हणून बघणाऱ्यांकडे येते ती घोड्याची उजवी बाजू. आयाळीचे झुपके, खोगिरावरची फुलं, काचेचे खडे यांची सगळी हौस तिथेच. डावी बाजू बरीचशी साधी. हे सारं पुस्तकात वाचून बोटांत उतरत नाही. म्हणून जुनं लाकूड आणि जुना रंग जपलाच पाहिजे.

मात्र काचेआड नको. पोरं बसली की रिकिबीपाशी रंग घासला जातो, कधी पायाचा सांधा निखळतो. जुनी वस्तू सांभाळणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, आणि तो खराच असतो. तरीही सांधा निखळतो म्हणूनच तो जोडायला कुणाला तरी शिकावं लागतं. न फिरणाऱ्या घोड्याला कारागिराची गरज पडत नाही, आणि मग पुढच्या पिढीला मिळते ती नुसती मूर्ती.

ऱ्होड आयलंडमधल्या वॉच हिलचे घोडे साधारण १८७६ सालचे. त्यांच्या पायाखाली फळी नाही. ते वरून साखळ्यांनी टांगलेले आहेत. चक्राने वेग घेतला की एकेक घोडा बाहेरच्या बाजूला झेपावतो, जणू उडतोच. तिथे बसायला मिळतं ते फक्त लहान मुलांना. वजनाने साखळ्या ताणल्या जाऊ नयेत म्हणून मोठी माणसं कठड्याबाहेर थांबतात आणि लगाम घट्ट धरून समोरून गेलेलं आपलं पोर पुन्हा कधी येतं, याची वाट बघतात.