वार्धक्यातील स्मृतिभ्रंश आणि गृहस्थाचे ऋण

मनुष्याच्या सर्व संपत्तीत स्मृती ही अत्यंत निकटची संपत्ती होय. धन गेले तर पुन्हा मिळविता येते. परंतु स्मृती लोपली म्हणजे पोटच्या पुत्राचे नावही परके होते. उतारवयात अनेकांच्या वाट्यास येणाऱ्या या अवस्थेस स्मृतिभ्रंश म्हणतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठ वर्षे व त्यांवरील वयाच्या दर शंभर मनुष्यांपैकी सुमारे सात, म्हणजे सुमारे ८८ लक्ष वृद्ध, या व्याधीने ग्रस्त आहेत. परंतु हे प्रमाण सर्वत्र सारखे नाही. ते पुरुषांपेक्षा स्त्रियांत, नगरांपेक्षा खेड्यांत आणि शिकलेल्यांपेक्षा निरक्षरांत अधिक आढळले. असे का व्हावे?

या प्रश्नास गृहस्थ सामान्यतः दोन उत्तरे देतात. कोणी म्हणतो, हे ज्याचे त्याचे प्रारब्ध. कोणी म्हणतो, आयुष्यभर आहारविहाराचा नियम पाळला नाही, त्याचे हे फळ. दोन्ही उत्तरे नीट तपासून पाहिली पाहिजेत.

प्रथम दुसरे उत्तर घेऊ. त्यात तथ्य आहे. युक्त आहारविहाराचा उपदेश गीतेच्या सहाव्या अध्यायात आहेच. आणि २०२४ साली ‘लान्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञमंडळानेही असा निष्कर्ष काढला की, चौदा कारणे दूर करता आली तर जवळजवळ ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू शकेल किंवा लांबणीवर पडू शकेल. अल्प शिक्षण, वाढलेला रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, अतिमद्यपान, व्यायामाचा अभाव, मनाची खिन्नता, एकाकीपणा, दूषित हवा, उपचारावाचून राहिलेले श्रवणाचे व दृष्टीचे दोष ही त्यांपैकी काही होत. परंतु यांतील किती कारणे रोग्याच्या स्वतःच्या हाती असतात? नियम तोच पाळू शकतो, ज्याच्यापुढे निवड असते. शाळेत जावे की न जावे हे सहा वर्षांची मुलगी ठरवीत नाही. १९५१ च्या जनगणनेत दर शंभर स्त्रियांत नऊही साक्षर नव्हत्या. त्या वेळी ज्या पाच-सहा वर्षांच्या होत्या, त्या आज ऐंशीच्या घरात आहेत. भाऊ पाटी घेऊन निघाला तेव्हा ती धाकट्या भावंडास कडेवर घेऊन घरी राहिली. पुढे चुलीचा धूर, पाठोपाठची बाळंतपणे, सर्वांच्या मागून उरलेले अन्न आणि पैशाअभावी तसाच राहिलेला मोतीबिंदू, हाच तिचा आहारविहार. वैद्यक सांगते की, बालपणीच्या शिक्षणाने मेंदूस एक प्रकारची शिल्लक लाभते व तिच्या बळावर तो पुढील झीज पुष्कळ काळ सोसतो. ही शिल्लक जिला साठवूच दिली नाही, तिला संयमाचा पाठ देणे न्याय्य कसे ठरेल?

आता प्रारब्धाचा विचार. कर्मसिद्धान्त मनुष्यास स्वतःचे आचरण तपासण्यासाठी दिलेला आहे. दुसऱ्याच्या दुःखावर निवाडा देण्यासाठी नव्हे. शिवाय येथे दृश्य कर्म त्या वृद्धेचे नाहीच. तिला शाळेतून दूर ठेवण्याचा निर्णय इतरांनी केला. ज्यास आपण एकाचे प्रारब्ध म्हणतो, त्याचा मोठा भाग दुसऱ्याचे क्रियमाण असतो, हे विसरता कामा नये.

कोणी म्हणेल, विद्वान व श्रीमंत यांनाही हा रोग होतोच की! खरे आहे. म्हणूनच कोणत्याही रोग्यास दोष देणे अनुचित होय. परंतु पाऊस सर्वांवर पडतो म्हणून छप्पर असलेला व नसलेला सारखेच भिजतात, असे होत नाही.

तर मग गृहस्थाचे कर्तव्य काय? घरातील वृद्धेचा रक्तदाब वेळोवेळी तपासावा. तिचा मोतीबिंदू काढवावा, तिला ऐकू येईल अशी व्यवस्था करावी आणि घरच्या व्यवहारात तिचे मत विचारावे. माणसांनी भरलेल्या घरातही ती कोपऱ्यात एकाकी असू शकते. आता उशीर झाला, असे समजू नये. फिनलंडमध्ये साठ ते सत्त्याहत्तर वयाच्या, धोका अधिक असलेल्या स्त्रीपुरुषांनी दोन वर्षे योग्य आहार, व्यायाम, बुद्धीचा अभ्यास व रक्तदाबादींची देखरेख ठेवली असता त्यांच्या बुद्धीस काही अंशी लाभ झाला, असे २०१५ साली प्रसिद्ध झाले आहे.

तथापि हे ऋण स्वतःच्या घरापुरतेच फिटत नाही. गीतेने ज्यास लोकसंग्रह म्हटले, त्याची कसोटी उंबऱ्याबाहेर लागते. घरी भांडी घासावयास येणाऱ्या बाईस आठवड्याची सुट्टी व आजारपणात पगार मिळतो काय? तिच्या मुलीची शाळा मध्येच सुटत असेल तर फी आणि पुस्तके यांचा भार कोणी उचलतो काय? आज दहाव्या वर्षी कामास लागणारी मुलगी साठ वर्षांनी वृद्ध होईल. त्या वेळी तिला आपल्या माणसांची नावे आठवतील की नाही, यातील काही भाग याच वर्षी कोणा गृहस्थाच्या घरात ठरत आहे.