शेजारधर्म आणि समुद्र

रत्नागिरीहून पूल ओलांडून पलीकडे गेले, की सुरूच्या बनाआड भाट्याचा लांबच लांब किनारा दृष्टीस पडतो. मागे वळून पाहिले, तर काजळी नदीच्या मुखाशी राजिवड्याच्या होड्या दिसतात आणि वर टेकडीवर थिबा राजाचा वाडा. ब्रह्मदेशाच्या या शेवटच्या राजाचे राज्य 1885 साली इंग्रजांनी घेतले, आणि त्यास निमित्त झाले ते सागवानाच्या व्यापाऱ्यांवर बसविलेल्या दंडाचे! राजा 1916 साली येथेच निवर्तला. शेजाऱ्यांमधील कलहाचे मूळ किती व्यावहारिक वस्तूत असू शकते, हे ज्यास पाहावयाचे असेल त्याने एखाद्या सायंकाळी या वाळूवर उभे राहावे. लाकडाच्या तंट्याची निशाणी त्याच्या पाठीशी असेल, आणि समोर असेल तो माशांच्या तंट्याचा समुद्र.

या दुसऱ्या तंट्याकडे आमचे लक्ष वेधले ते एका वृद्ध मच्छीमाराने. फाटके जाळे सांधता सांधता त्याने आम्हांस विचारले, की आपल्या सरकारने सांगितले म्हणून आपण जाळे आखडते घ्यावे, आणि मलप्याच्या वेगवान ट्रॉलरने येऊन तोच मासा न्यावा, तर आपण कायदा पाळला हे शहाणपण म्हणावे की खुळेपण? असे प्रश्न आम्ही तीस वर्षे वर्गात विद्यार्थ्यांस घालीत आलो आहोत. परंतु ज्याचे पोट त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे अशा माणसाने तो विचारला, तेव्हा आम्हांस चटकन काही सुचले नाही.

डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाने अठराव्या शतकात या प्रश्नाची दोन्ही टोके दाखविली आहेत. एके ठिकाणी तो दोन वल्हेकऱ्यांचा दाखला देतो. त्यांनी परस्परांस वचन दिलेले नसते, तरी दोघांचे हित एकाच गतीत असल्यामुळे वल्ही एकत्र पडतात. दुसरीकडे तोच सांगतो, की सभोवार सर्व स्वैर वागत असता एकट्याने संयम पाळला, तर त्याची सचोटीच त्याला ठकविते. आमच्या मते या दोहोंत विरोध नाही. एकट्याचा संयम हा सद्गुण खरा. पण ज्या राज्यव्यवस्थेत तो कायम एकट्यानेच पाळावा लागतो, ती व्यवस्था सदोष होय. आणि समुद्रावर तर एका राज्याची व्यवस्था कितीही चोख असली, तरी ती अर्धीच राहते.

हे कसे, ते पाहू. मासेमारी हा आपल्या राज्यघटनेने राज्यांकडे दिलेला विषय आहे, परंतु तो बारा सागरी मैलांच्या प्रादेशिक समुद्रापुरता. त्यापलीकडे अधिकार केंद्राचा. बांगडा आणि तारली यांनी राज्यघटना वाचलेली नसल्यामुळे त्यांचे थवे या रेषा मानीत नाहीत. महाराष्ट्राने 1981 साली सागरी मासेमारीचा कायदा केला. बटव्याप्रमाणे तोंड आवळून थवाच्या थवा उचलणाऱ्या पर्ससीन जाळ्यांवर 2016 च्या फेब्रुवारीत निर्बंध घातले, त्यांचा हंगाम सप्टेंबर ते डिसेंबर असा आखडला आणि परवाने क्रमाने कमी करीत 182 वर आणण्याचे ठरविले. निर्णय धाडसाचा होता. पण तो लागू झाला महाराष्ट्राच्या पाण्यात. गोवा आणि कर्नाटक यांचे नियम त्यांचे त्यांचे.

मग ही तीन राज्ये एकत्र बसून बोलतात कोठे? 1956 च्या राज्यपुनर्रचनेच्या कायद्याने अशा विचारविनिमयासाठीच विभागीय परिषदा निर्माण केल्या. त्यांत महाराष्ट्र आणि गोवा पश्चिम परिषदेत आहेत, आणि कर्नाटक दक्षिण परिषदेत! ज्याच्या नौकांविषयी आपली तक्रार, तो शेजारी आपल्या पंक्तीलाच नाही. भरीला बेळगावचा प्रश्न आहे. महाराष्ट्राने 2004 साली तो सर्वोच्च न्यायालयात नेला. सीमेचा निकाल लागेपर्यंत अन्य बोलणे कशाला, असे म्हणणारे सुशिक्षित लोक आम्हांस नेहमी भेटतात. आमचा स्वतःचा कलही बेळगावच्या बाबतीत कोठे आहे हे सांगावयास नको. तथापि तो निकाल लागेपर्यंत समुद्रातील मासा थांबणार नाही.

नॉर्वे आणि सोव्हिएट रशिया यांचे उदाहरण येथे विचारात घेण्यासारखे आहे. उत्तरेकडील बॅरेंट्स समुद्रातील त्यांची सीमा 2010 पर्यंत ठरली नव्हती, आणि दीर्घकाळ ते दोघे परस्परविरोधी लष्करी गटांत होते. तरीही 1975 च्या करारान्वये त्यांनी संयुक्त मत्स्य आयोग स्थापिला. दरवर्षी किती मासा धरावयाचा हे ठरवून कॉड माशाचे मुख्यतः समसमान वाटे ते करीत आले. रेघ कोठे ओढावी याचा वाद त्यांनी सोडला नाही, पण वाटणीला त्याची वाट पाहावयास लावली नाही. आपल्याकडेही असा आरंभ अगदीच झालेला नाही. पूर्वी नारळी पौर्णिमेपूर्वी होडी लोटावयाची नाही हा किनाऱ्याचा रिवाज होता. 2015 पासून केंद्राने पश्चिम किनाऱ्यालगतच्या आपल्या हद्दीत 1 जून ते 31 जुलै अशी एकसष्ट दिवसांची बंदी घातली आहे.

परंतु शेजाऱ्यास शहाणपण शिकविताना आपल्या अंगणाकडेही पाहिले पाहिजे. पर्ससीन नौकांचे एक मोठे केंद्र मिरकरवाडा. ते याच रत्नागिरीत आहे. लहान होडीवाल्याची मलप्याविषयी जी तक्रार, तीच त्याची आपल्याच बंदरातील मोठ्या नौकांविषयीही आहे. मोठ्या नौकेचा मालकही कर्जात असतो, आणि तिच्यावरील खलाशीही पोटासाठीच राबतो, हे आम्ही जाणतो. पण घरातल्या दोन भावांचे वाटे ज्यांना करता आलेले नाहीत, त्यांच्या तोंडी शेजाऱ्याकडे न्याय मागण्याची भाषा किती शोभते?

पुढच्या खेपेस त्या मच्छीमारास आम्ही नॉर्वेची हकीकत सांगितली. त्याने ती शांतपणे ऐकून घेतली आणि एवढेच विचारले, की तेथे मासा मोजतो कोण? आम्ही म्हणालो, दोन्ही देशांचे शास्त्रज्ञ मिळून. तेव्हा त्याचा हात जाळ्यावर थांबला. भारताच्या सर्व किनाऱ्यांवर उतरणाऱ्या मासळीचा हिशेब ठेवणारी संस्था आपल्याकडे 1947 पासून आहे. तिचे मुख्यालय कोचीस असून तिला महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही सारखेच. हे आम्ही त्यास सांगितले, तेव्हा तो म्हणाला, मग ते आकडे घेऊन कुणी बसत का नाही?