आशेला हिशेबाची जोड

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचं एक सूक्त आहे. बायको दुरावली आहे, सासू तोंड पाहत नाही, डोक्यावर कर्ज आहे. तरीही ‘आज मी जिंकेन का?’ असं स्वतःला विचारत हा माणूस पुन्हा सभेकडे निघतो. त्याच्याजवळ आशा भरपूर आहे. आशेखेरीज काहीच नाही, हे त्याचं दुर्दैव. सूक्ताच्या शेवटी त्याला सल्ला मिळतो, की फासे सोड आणि शेत नांगर.

सकारात्मक वृत्तीनं यश मिळतं, हे वाक्य आज शाळेच्या फळ्यापासून कंपनीच्या प्रशिक्षणवर्गापर्यंत सगळीकडे ऐकू येतं. ते कितपत खरं आहे हे तपासायला जुगाराचा पट फार उपयोगी पडतो. एरवी माणसाची वृत्ती, मेहनत, ओळखीपाळखी आणि नशीब एकमेकांत इतके मिसळलेले असतात की यशाचं श्रेय कुणाला द्यावं ते कळत नाही. पटावर नशीब वेगळं काढून मोजता येतं. मग मनाच्या वाट्याला नेमकं काय उरतं, ते दिसू लागतं.

महाभारताच्या वनपर्वातली नलकथा या प्रश्नाच्या फार जवळ जाते. कली अंगात शिरलेला नल पुष्कराशी द्यूत खेळत राहतो. मंत्री विनवतात, दमयंती विनवते, पण त्याला ऐकू येत नाही. राज्य गेल्यावर तो ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. विदर्भाच्या वाटेवर ऋतुपर्ण एका बेहड्याच्या झाडाकडे बघून त्याच्या पानाफळांची संख्या सांगतो. नल झाड पाडून मोजतो, तर हिशेब बरोबर निघतो. अश्वविद्येच्या बदल्यात तो राजाकडून फाशांचं रहस्य शिकतो आणि त्याच क्षणी कली त्याच्या अंगातून बाहेर पडतो. पुढे तो पुष्कराकडून राज्य परत जिंकतो. इयान हॅकिंग या तत्त्वज्ञानं संभाव्यतेच्या उगमावरच्या 1975 मधल्या पुस्तकात या कथेची मुद्दाम दखल घेतली आहे. मला तिच्यातलं एकाच वेळी घडणं महत्त्वाचं वाटतं. मोजणं आलं आणि मनाचा झपाटा उतरला. कथेनं या दोन गोष्टी वेगळ्या मानलेल्या नाहीत.

पुढे मात्र त्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. 1654 मध्ये पास्कल आणि फर्मा यांच्या पत्रव्यवहारात अर्धवट राहिलेल्या डावातली रक्कम कशी वाटावी याचा विचार झाला आणि संभाव्यतेच्या गणितानं मूळ धरलं. 1928 मध्ये जॉन फॉन नॉयमन यांनी खेळांचा गणिती सिद्धांत मांडला. 1944 मध्ये मॉर्गनस्टर्न यांच्याबरोबर लिहिलेल्या ग्रंथात त्यांनी पोकरमधल्या हुलकावणीचंही गणित केलं. मनाचा विचार दुसऱ्याच रस्त्यानं गेला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत ‘न्यू थॉट’ नावाची चळवळ उभी राहिली. विचार बदलले की शरीर आणि परिस्थिती बदलते, अशी तिची श्रद्धा होती.

विल्यम जेम्स यांनी या श्रद्धेतला खरा भाग नेमका हेरला. 1897 च्या ‘द विल टू बिलीव्ह’ या निबंधसंग्रहात त्यांनी डोंगरात अडकलेल्या गिर्यारोहकाचं उदाहरण दिलं आहे. सुटकेचा एकच मार्ग आहे, तो म्हणजे भीषण उडी. जमेल असा भरवसा असेल तर पाय नीट उचलला जातो; शंका असेल तर अंग कापतं आणि माणूस दरीत जातो. काही गोष्टी खऱ्या होण्यात विश्वासाचाही हात असतो, हे त्यांचं म्हणणं. त्यातला ‘काही’ हा शब्द पुढे गळून पडला. 1952 मध्ये नॉर्मन व्हिन्सेंट पील यांचं सकारात्मक विचाराच्या सामर्थ्यावरचं पुस्तक आलं. यशाचं चित्र मनात पक्कं धरा, हा त्यातला उपदेश जगभर पोहोचला, आणि विश्वास कुठे चालतो व कुठे चालत नाही हा भेद पुसट झाला.

पोकर हा भेद फार लवकर शिकवतो. समजा, टेक्सास होल्डेममध्ये हातातली दोन आणि टेबलावरची चार पानं मिळून तुमची चार पानं बदामाची आहेत. पाचवं बदाम आलं की फ्लश होईल आणि डाव तुमचा. पॉटमध्ये 200 रुपये आहेत. समोरच्यानं आपले उरलेले 100 लावले आहेत. तुम्ही 100 टाकायचे की पानं ठेवून द्यायची? न दिसलेली पानं 46, त्यात बदाम 9. म्हणजे अशा 46 डावांत सरासरी 9 वेळा 300 प्रमाणे 2,700 रुपये मिळतील आणि 37 वेळा 100 प्रमाणे 3,700 जातील. ‘या वेळी येणारच’ असं मनापासून वाटणं हजार रुपयांना पडतं. गड्डीतल्या पानाला तुमची श्रद्धा कळत नाही. इथे गिर्यारोहकाची उडी नाही, कारण उडी घेणारे पाय तुमचे असतात, पान तुमचं नसतं.

तरीही पोकरनं आशेची लाट पाहिली. 2003 मध्ये टेनेसीतला ख्रिस मनीमेकर नावाचा लेखापाल 86 डॉलरच्या ऑनलाइन पात्रता स्पर्धेतून लास व्हेगासच्या जागतिक स्पर्धेत पोहोचला आणि 25 लाख डॉलर जिंकला. त्या वर्षी मुख्य स्पर्धेत 839 खेळाडू होते. 2006 मध्ये ते 8,773 झाले. प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर तो एक विजेता होता. उरलेल्या 838 जणांची वृत्ती कशी होती, हे कुणी विचारलं नाही. त्यांच्यातही जिद्दी, प्रसन्न, आत्मविश्वास असलेली माणसं असणारच.

मग मनाचा उपयोग कुठे? याचं उत्तर मानसशास्त्रातून हळूहळू पुढे आलं. मार्टिन सेलिगमन यांनी 1967 मध्ये स्टीव्हन मायर यांच्याबरोबर कुत्र्यांवर प्रयोग केले. टाळता न येणारे झटके सोसलेले कुत्रे पुढे सुटका शक्य असतानाही निमूट पडून राहत. माणसांकडे वळल्यावर सेलिगमन यांचं लक्ष एका गोष्टीवर स्थिरावलं: अपयशाचं कारण माणूस स्वतःला कसं सांगतो. ‘माझं असंच होतं, नेहमीच होतं, सगळीकडेच होतं’ असं म्हणणारा खचतो. ‘आज हे चुकलं’ म्हणणारा पुन्हा उभा राहतो. बर्कलीच्या जलतरणपटूंना त्यांनी मुद्दाम खोटी, वाईट वेळ सांगितली आणि पुन्हा पोहायला लावलं. निराशेनं कारणं सांगणारे मंदावले. आशावादी मंदावले नाहीत. इथे आशावाद झालेल्या अपयशाच्या अर्थाशी जोडलेला आहे. येणाऱ्या यशाचं भाकीत तो करत नाही.

पोकरमध्ये नेमकी हीच जागा कळीची आहे. हातात दोन एक्के आणि समोर दोन राजे असतील तर एक्केवाला सुमारे 82 टक्के वेळा जिंकतो. म्हणजे उत्तम खेळूनही पाचांतून जवळपास एकदा हरणं ठरलेलंच. त्या हरण्यानंतर जो चिडून वाटेल त्या पानांवर पैसे लावत सुटतो, त्याला खेळाडू ‘टिल्ट’वर गेला म्हणतात. नलाच्या अंगात शिरलेला कली हाच. मारिया कोनिकोवा या मानसशास्त्रज्ञ लेखिकेनं एरिक सायडेल या मातब्बर खेळाडूकडून पोकर शिकून 2020 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. नशिबानं कसं गंडवलं याच्या कहाण्या सायडेलना ऐकायच्या नसत. निर्णय कसा घेतलास, तेवढं बोल, असा त्यांचा आग्रह असे. मला वाटतं, सकारात्मक वृत्तीची इतकी शुद्ध व्याख्या क्वचितच सापडेल. निकाल हातात नसताना निर्णयाची जबाबदारी घेणं आणि पुढच्या डावाला मन मोकळं ठेवणं, एवढाच तिचा अर्थ.

गॅब्रिएले ओटिंगेन यांच्या संशोधनानं याला दुसरी बाजू जोडली. वजन कमी करणाऱ्या स्त्रियांचा त्यांनी केलेला अभ्यास 1991 मध्ये प्रसिद्ध झाला. आपल्याला जमेल अशी अपेक्षा असलेल्यांचं वजन जास्त उतरलं. सडपातळ झाल्याची गोड स्वप्नं रंगवणाऱ्यांचं मात्र कमी उतरलं. स्वप्नात यश आधीच उपभोगलं जातं आणि कष्टाला लागणारी ऊर्जा ओसरते, असं त्या मांडतात. म्हणून इच्छेबरोबर अडथळाही डोळ्यांसमोर आणा, हा त्यांचा सल्ला आहे.

2017 च्या जानेवारीत कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्राटस’ या संगणकप्रणालीनं पोकरच्या चार कसलेल्या व्यावसायिकांना 1,20,000 डावांत हरवलं. तिला आशा नव्हती, भीतीही नव्हती. यावरून मनोवृत्ती निरुपयोगी ठरते असं मी म्हणणार नाही. हरलेल्या डावाची यंत्राला सल राहत नाही, माणसाला राहते. ती सल बाजूला ठेवून पुन्हा नीट विचार करता यावा, यासाठी आपल्याला उमेद लागते.

आयुष्य पोकरपेक्षा एका बाबतीत उदार आहे आणि दुसऱ्या बाबतीत कठोर. उदार अशासाठी, की इथे काही पानं खरोखर आपलं ऐकतात. शिक्षकाचा भरवसा विद्यार्थ्याला बळ देतो. मुलाखतीतला निर्धास्तपणा समोरच्यालाही जाणवतो. कठोर अशासाठी, की इथे लाखभर डाव मिळत नाहीत. लग्न, व्यवसाय, स्थलांतर हे बहुतेकांना एकदाच खेळायला मिळतात आणि सरासरीचा दिलासा तिथे चालत नाही. शिवाय सगळे सारख्या चिप्स घेऊन बसलेले नसतात. ज्याच्याजवळ एकच चूक परवडण्याइतकं भांडवल आहे, त्याला ‘सकारात्मक राहा’ एवढंच सांगून निघून जाणं निर्दयपणाचं आहे. त्याला दुसरी संधी मिळवून देणं, हे समाजाचं काम आहे.

आणि कधी उठायचं हेही या वृत्तीतच येतं. प्रत्येक पॉटमधून अड्डा आपला हिस्सा काढतो, म्हणून खेळणाऱ्यांची बेरीज नेहमी तोट्यातच असते. 2025 मध्ये आपल्याकडे पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर कायद्यानं बंदी आली, तिच्यामागे कर्जात बुडालेल्या घरांची काळजी होती. ‘पुढचा डाव माझा’ असं घोकत बसून राहणं म्हणजे धैर्य, असा समज आपण मुलांना देऊ नये. त्यांना मोजायला शिकवावं, हरल्यावर स्वतःला दूषण न देता चूक शोधायला शिकवावं, आणि हिशेब विरुद्ध जात असेल तर ताठ मानेनं पानं ठेवून द्यायला शिकवावं. एवढं साधलं, तर निकाल काहीही लागो, पुढच्या निर्णयाला ती शहाणी आणि शाबूत पोहोचतील.