संप, कट आणि कलम १२१-अ

२० मार्च १९२९ रोजी देशभर एकाच वेळी धाडी पडल्या. मुंबईत डांगे, घाटे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर या कामगार पुढाऱ्यांना पकडण्यात आले. त्यांच्याबरोबर आळवे आणि कासले हे दोन गिरणी कामगारही होते. आरोप दंगलीचा नव्हता की मारामारीचा. ब्रिटिश बादशहाची हिंदुस्थानवरची सत्ता हिरावून घेण्याचा कट, असे त्याचे स्वरूप होते.

मागाच्या आणि मजुरीच्या भांडणातून थेट बादशहाचे तख्त कसे निघाले?

जेमतेम तीन वर्षांपूर्वी त्याच सरकारने उलट पाऊल टाकले होते. मद्रासच्या बकिंगहॅम-कर्नाटक गिरण्यांच्या प्रकरणात कामगार नेते बी. पी. वाडियांवर हायकोर्टाने मनाईहुकूम बजावला, तेव्हा कामगारांची संघटना करणे हाच गुन्हा ठरू शकतो हे सर्वांच्या ध्यानात आले. त्यावर उतारा म्हणून १९२६ चा ट्रेड युनियन कायदा झाला. नोंदणीकृत युनियनच्या सभासदांनी मिळून संपाचे ठरवले, तर एवढ्यावरून त्यांना फौजदारी कटासाठी शिक्षा करता येणार नाही, असे संरक्षण त्यात होते.

मग १९२८ उजाडले. विणकराने दोनाऐवजी तीन माग सांभाळावेत, असा मालकांचा आग्रह होता. एप्रिल ते ऑक्टोबर मुंबईच्या गिरण्या बंद राहिल्या आणि सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले. संपातच जन्मलेल्या लाल बावट्याच्या गिरणी कामगार युनियनचे सभासद वर्षअखेर पन्नास हजारांवर गेले. गिरणीगिरणीत कमिट्या उभ्या राहिल्या आणि जॉबरचा, म्हणजे मुकादमाचा, दरारा ओसरू लागला. गावाकडून आलेला अर्धपोटी माणूस सहा महिने टिकतो, हे सरकारला पटेना. पैसा आणि डोके बाहेरचे, म्हणजे मॉस्कोचे असणार, हा तर्क त्याला सोयीचा होता. आरोपींपैकी बरेच जण कम्युनिस्ट होते आणि त्यांनी ते लपवलेही नाही. पण एखाद्याची राजकीय श्रद्धा आणि एखाद्या गिरणीतला संप यांची मोट बांधली, की प्रत्येक संप राजद्रोहाच्या वाटेवरचा टप्पा ठरतो.

त्यासाठी दंडविधानातले १८७० सालचे कलम १२१-अ होतेच. त्याखाली कटानुसार प्रत्यक्ष काही कृती घडायलाच हवी, असे नाही. १९२६ चे कवच या कलमापुढे निरुपयोगी होते. खटला मीरतेत चालवला, कारण मुंबई-कलकत्त्यात ज्युरी बसवावी लागली असती. त्याच सुमारास कम्युनिस्टांविरुद्धचे सार्वजनिक सुरक्षा विधेयक मध्यवर्ती असेंब्लीत होते. त्यावर चर्चा म्हणजे मीरतच्या न्यायप्रविष्ट खटल्यावरच चर्चा, असे सांगून अध्यक्ष विठ्ठलभाई पटेल यांनी ती रोखली. व्हाइसरॉयने वटहुकूम काढून आपला हेतू साधला.

सरकारचा हिशेब एका जागी मात्र साफ चुकला. आरोपींनी कोर्टात लांबलचक निवेदने केली आणि जे छापायला बंदी होती ते खटल्याच्या बातमीतून छापले जाऊ लागले. मँचेस्टरच्या कामगार कलावंतांनी हातातल्या काठ्यांचे तुरुंगाचे गज करून ‘मीरत’ नावाचे छोटे नाटक रस्त्यावर केले. जानेवारी १९३३ मध्ये २७ जणांना शिक्षा झाल्या. मुझफ्फर अहमद यांना जन्मठेप आणि डांग्यांना बारा वर्षे. ऑगस्टमध्ये अलाहाबाद हायकोर्टाने त्या बऱ्याच उतरवल्या. पण तोवर चार वर्षे तुरुंगात गेली होती आणि नेत्यांविना लढवलेला १९२९ चा गिरणी संप फसला होता.

पुढचे वळण अधिक बोचरे आहे. १९३८ मध्ये मुंबई प्रांतात निवडून आलेले काँग्रेस मंत्रिमंडळ होते आणि त्याच्या औद्योगिक कलह विधेयकात बेकायदा संपासाठी तुरुंगाची तरतूद होती. डॉ. आंबेडकरांनी विधिमंडळात संपाचा हक्क हा स्वातंत्र्याचाच हक्क आहे, अशी भूमिका घेतली. काम सोडल्याबद्दल माणसाला शिक्षा करणे म्हणजे त्याला गुलाम करणे, हा त्यांचा युक्तिवाद होता. ७ नोव्हेंबरला त्यांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी एकत्र एक दिवसाचा संप केला. कायदा झालाच.

स्वातंत्र्यानंतरही, मे १९७४ मध्ये, रेल्वे संपाआधीच कामगार नेते जॉर्ज फर्नांडिस यांना अटक झाली. आणीबाणी अजून वर्षभर दूर होती, पण मिसा हा अंतर्गत सुरक्षा कायदा आणि भारत संरक्षण नियम हाताशी होते. मीरतेत निदान सरकारला आरोप मांडावा लागला होता आणि आरोपींचे ऐकून घ्यावे लागले होते. मिसाखाली पकडलेल्या रेल्वे कामगारावर खटला भरण्याचीही गरज उरली नव्हती. २७ मे रोजी संप मागे घेतला गेला, तेव्हा हजारो कामगार तुरुंगात होते.