दुसऱ्यांदा सांगताना

रायपूरच्या बूढापाऱ्यासारख्या जुन्या वस्तीत डॉक्टर बदलणे ही घटना सहसा खाजगी राहात नाही. नागपूरकर भोसल्यांच्या काळापासून मराठी माणसांचा या शहराशी संबंध आहे. 1956 पर्यंत तर नागपूर हीच या प्रदेशाची राजधानी होती. येथील मराठी घरे एकमेकांना आडनावांइतकीच दुखण्यांनीही ओळखतात. दंतवैद्य बदलला तर चार दिवस चर्चा होते आणि संपते. मानसोपचारतज्ज्ञ बदलला की चर्चेचा रोख पालटतो. पहिल्या डॉक्टरचे काय चुकले, की रुग्णच कोठे टिकत नाही? रुग्ण स्वतःलाही हेच विचारीत असतो.

हाड मोडले तर क्ष-किरणांचे चित्र घेऊन दुसऱ्या डॉक्टरकडे जाता येते. मनाच्या दुखण्यात तपासणीचे मुख्य साधन म्हणजे रुग्णाचे बोलणे. चरकसंहितेत वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण असे चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत, आणि रुग्णाकडूनही चार गुणांची अपेक्षा केली आहे : स्मरणशक्ती, वैद्याचे सांगणे पाळणे, निर्भयता आणि आपला रोग नीट सांगता येणे. वरवर पाहता हे गुण एका ओळीत सुखाने बसतात. डॉक्टर बदलण्याच्या प्रसंगी मात्र त्यांतील दुसरा आणि तिसरा समोरासमोर उभे राहतात. गोळीने दिवसभर सुस्ती येते, हे आज्ञाधारक रुग्ण सांगत नाही. डॉक्टर दुखावतील असे त्याला वाटते. शेवटी तो काहीच न बोलता दुसरीकडे जातो. लोक त्याला कृतघ्न म्हणतात. वस्तुतः येथे कृतज्ञतेचाच अतिरेक झालेला असतो.

अर्थात प्रत्येक निघून जाणे इतके निष्पाप नसते. उपचार निष्फळ ठरतो म्हणून माणूस जातो, तसा तो वर्मी लागू लागला म्हणूनही जातो. व्हिएन्नातील ज्या तरुणीचे वृत्त फ्रॉइडने 1905 मध्ये ‘डोरा’ या नावाने प्रसिद्ध केले, तिने 1900 च्या अखेरच्या दिवशी, अवघ्या अकरा आठवड्यांनंतर उपचार थांबवले. फ्रॉइडला त्यात सूड दिसला. पण रुग्णाच्या जुन्या भावना डॉक्टरकडे वळतात, त्या वेळीच ओळखण्यात आपण कमी पडलो, हेही त्याने नोंदवले. पुढच्या अनेक अभ्यासकांना ती तरुणीच बरोबर वाटली. थोरांच्या व्यवहारात तिचा बळी जात होता आणि डॉक्टर तिचे ऐकण्याऐवजी तिचा अर्थ लावीत होता, असे त्यांचे म्हणणे. शतक उलटले तरी हा वाद मिटलेला नाही. मग बूढापाऱ्यातील एखाद्या विवाहितेने, सासूसमोर बसून, एका संध्याकाळी आपल्यापुरता त्याचा निकाल कसा लावावा?

बूढातलावात विवेकानंदांचा पुतळा आहे. किशोरवयीन नरेंद्रनाथ 1877 पासून सुमारे दोन वर्षे कुटुंबासह रायपुरात राहिला होता. पुढे कलकत्त्यात त्याने ब्राह्म समाजाच्या धुरीणांना प्रश्न विचारले, आणि रामकृष्णांनाही पारखल्यावाचून स्वीकारले नाही. गुरूच्या शोधात दारोदार फिरणे हे आपल्याकडे जिज्ञासेचे लक्षण समजतात. वैद्याच्या शोधात तेच केले तर ते चांचल्य ठरते. या भेदाला थोडा आधार आहे. नव्या औषधाला गुण येण्यास आठवडे लागतात, आणि हा काळ रुग्णाला झोपेवाचून काढावा लागू शकतो. पण पारख करण्याचा अधिकारच नाकारणे निराळे.

दुसऱ्या डॉक्टरसमोर बसणे म्हणजे तीच कहाणी पुन्हा सांगणे. पहिल्यांदा ती अडखळत, रडत, मागेपुढे होत सांगितलेली असते. दुसऱ्यांदा ती सरळ येते, कारण पहिल्या डॉक्टरच्या प्रश्नांनी तिला वळण लावलेले असते; ज्याविषयी त्याने विचारले नाही, ते रुग्णालाही आता बिनमहत्त्वाचे वाटते. त्यात रायपूरच्या मराठी माणसाला घरातले दुःख बहुधा हिंदीत सांगावे लागते. ‘घालमेल’, ‘हुरहूर’, ‘जीव थाऱ्यावर नाही’ यांना मिळून एकच ‘घबराहट’ उरते. नवा डॉक्टर तेवढेच लिहून घेतो. त्यात त्याचा दोष नाही. त्याच्यापर्यंत तेवढेच पोचलेले असते.

मग जुनी फाइल कोणाची? 2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा 2018 च्या मे महिन्यात अमलात आला. त्याच्या कलम 25 नुसार रुग्णाला आपल्या उपचाराच्या मूलभूत नोंदी मिळण्याचा अधिकार आहे. त्याला गंभीर मानसिक अपाय होण्याची किंवा दुसऱ्यास इजा पोचण्याची शक्यता असेल, तेवढाच मजकूर रोखून ठेवता येतो. हे केवळ मालकीहक्काचे कलम नव्हे. लिथियम एकदम बंद केल्यास आजार उलटण्याचा धोका असतो, आणि त्याचे रक्तातील प्रमाण किती होते हे पुढच्या डॉक्टरला कळावेच लागते. तेव्हा चुपचाप निघून जाण्याची किंमत रुग्णाच्याच शरीरातून वसूल होते, आणि निरोप अवघड करणारा डॉक्टर त्या वसुलीत वाटेकरी असतो.

ती विवाहिता निरोप घ्यायला गेलीच, तर जुना डॉक्टर अर्ध्या पानाची चिठ्ठी लिहू लागेल : कोणते औषध, किती, केव्हापासून, कोणते मानवले नाही. आणि कदाचित त्याचे लिहिणे चालू असतानाच, आता दुखवायचे काही उरले नाही असे वाटून, ती त्याला पहिल्यांदाच सांगेल की दुपारची गोळी तिने गेले तीन महिने घेतलेलीच नाही.