रसिकता आणि अहंकार

घरी एस्प्रेसो करण्यासाठी बिया पारखाव्यात, ग्रॅम व सेकंद मोजावेत, हे निव्वळ जिभेचे चोचले होत, असा आक्षेप पुष्कळ विचारी माणसे घेतात. दोन घोटांसाठी इतका काळ वेचणे उचित काय, हा प्रश्न आम्हांस क्षुल्लक वाटत नाही.

प्रथम कृती पाहू. वातावरणाच्या सुमारे ९ पट दाबाने १८ ग्रॅम भुकटीतून २५ ते ३० सेकंदांत ३६ ग्रॅमच्या आसपास पेय उतरावे, असा सामान्य दंडक आहे. भुकटी जाड असेल तर पाणी धावत सुटून पेय आंबट होते. फार बारीक असेल तर ते अडखळून कडू होते. भाजून कित्येक महिने लोटलेल्या बियांस तर कोणतेही यंत्र तारू शकत नाही.

परंतु या रसाचा आरंभ यंत्रात नाही. चिकमगळूरच्या डोंगरउतारांवर मजूर पिकलेली लाल फळे हातांनी निवडून तोडतात आणि हिरवी पुढील फेरीसाठी राखतात. त्यांची ही पारख आपण आळसाने वाया घालविली, तर तो त्यांच्या श्रमांचा अनादर होय. म्हणून ही दक्षता आम्ही चैन मानीत नाही. तथापि तेवढ्याने ऋण फिटत नाही. तोडणाऱ्याच्या पदरी काय पडते, हेही खऱ्या रसिकाने विचारावे.

आणि शेजाऱ्याने प्रेमाने पुढे केलेली चिकोरीमिश्रित कॉफी पाहून ज्याचे नाक मुरडते, त्याची रसिकता संपून अहंकारच उरला, असे आम्ही समजतो.